योशीया राजाला शांतीने मूठमाती मिळेल असं हुल्दा म्हणाली होती, मग तो मगिद्दोला बाणाने कसा मेला?

प्रश्न असा आहे: यहूदाचा राजा योशीया नीतिमान होता, हुल्दा संदेष्ट्रीने त्याला शांतीचं वचन दिलं, तरी तो ऐन एकोणचाळिशीत मिसरचा राजा फारो नखो याच्या हातून मेला. मग भविष्यवाणी चुकली का? आणि मूर्तिपूजा मोडून काढण्याच्या एवढ्या सुधारणा करून त्याच्यामागे उरलं काय?

भविष्यवाणी चुकली असं मला वाटत नाही, पण त्यासाठी बायबलातलं २ राजे २२:२० शब्द न् शब्द वाचावं लागेल. तिथे तीन गोष्टी सांगितल्या आहेत. देव त्याला पूर्वजांना मिळवील, तो शांतीने आपल्या कबरेत जाईल आणि यरुशलेमवर येणारं अरिष्ट त्याचे डोळे पाहणार नाहीत. अंथरुणावर मरण येईल असं हुल्दा कुठेच म्हणत नाही. शांती आहे ती कबरेपाशी, आणि तिचा अर्थ पुढचं वाक्य लावून देतं: तुझ्या हयातीत हे शहर पडणार नाही.

हे वचन किती मोठं होतं ते त्याच्यानंतरच्या राजांकडे पाहिलं की कळतं. मुलगा यहोआहाज मिसरात कैदी म्हणून मेला. दुसरा मुलगा यहोयाकीम, त्याला गाढवाची मूठमाती मिळेल, वेशीबाहेर ओढून टाकतील, असं यिर्मया संदेष्ट्याने सांगितलं (यिर्मया २२:१९). नातू यहोयाखीन बाबेलात कैदेत गेला. तिसरा मुलगा सिद्कीया, त्याच्या डोळ्यांसमोर त्याची मुलं मारली आणि लगेच त्याचे डोळे काढले. म्हणजे त्याच्या डोळ्यांनी शेवटचं पाहिलं ते हेच. 'तुझे डोळे पाहणार नाहीत' हे वाक्य यानंतर पुन्हा वाचा. यरुशलेमेत राजाच्या मानाने पुरल्याची स्पष्ट नोंद असलेला यहूदाचा शेवटचा राजा योशीयाच.

आता मृत्यूकडे. बहुतेकांचा घोटाळा इथे होतो, कारण दोन वृत्तांत एकत्र कालवून वाचले जातात. आधी २ राजे २३:२९-३० स्वतंत्र वाचा. तिथे लढाई हा शब्दच नाही. नखो फरात नदीकडे निघाला, योशीया त्याला सामोरा गेला, नखोने त्याला पाहताच मगिद्दोत मारलं, आणि सेवकांनी प्रेत रथात घालून यरुशलेमेला नेलं, एवढंच. म्हणूनच काही अभ्यासक म्हणतात की ही लढाई नसेलही, मांडलिकाला बोलावून केलेला वध असेल. मग २ इतिहास ३५:२०-२५ वाचा. तिथे नखो आधी दूत पाठवतो: माझं तुझ्याशी भांडण नाही, देवाने मला घाई करायला सांगितलं आहे, मध्ये पडू नकोस. योशीया ऐकत नाही, वेष पालटून रणात उतरतो. तिरंदाजांचे बाण लागतात आणि तो म्हणतो, मला इथून न्या, मी फार घायाळ झालो आहे. सेवक त्याला त्या रथातून उचलून दुसऱ्या रथात घालतात. हा दुसरा रथ फक्त '२ इतिहास' या पुस्तकातच आहे. इथून यरुशलेम सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर, आणि या वृत्तांताप्रमाणे त्याचा प्राण तिथे पोहोचल्यावर जातो. '२ राजे' म्हणतं मगिद्दोत, '२ इतिहास' म्हणतं यरुशलेमेत. हा फरक ओढूनताणून मिटवू नये, तो आहे तसा राहू द्यावा.

'२ इतिहास' लिहिणाऱ्याने वेष पालटण्याची गोष्ट उगाच घातलेली नाही. इस्राएलचा राजा अहाबही असाच वेष पालटून लढाईत गेला होता आणि त्यालाही बाणच लागला होता (२ इतिहास १८). सर्वांत चांगला राजा मरताना सर्वांत वाईट राजासारखा दिसतो. लिहिणाऱ्याला हे टोचत होतं, म्हणून तो कारण देतो: नखोच्या तोंडून देव बोलत होता आणि योशीयाने ते ऐकलं नाही. पुढे तालमूदात, म्हणजे यहुदी गुरूंच्या जुन्या ग्रंथात, याच्याही पुढची गोष्ट येते. तुमच्या देशातून तलवार जाणार नाही या लेवीय २६:६ मधल्या वचनावर योशीयाने भिस्त ठेवली, पण यिर्मयाला विचारलं नाही. बाणांनी त्याच्या देहाची चाळण झाली, आणि त्याचे ओठ हलताना पाहून यिर्मया कान देऊन ऐकू लागला, तर तो म्हणत होता की परमेश्वर न्यायी आहे, मीच त्याच्या शब्दाविरुद्ध गेलो.

मला मात्र '२ राजे'मधलं मौन जास्त खरं वाटतं. तिथे मृत्यूचा दोष योशीयावर टाकलेलाच नाही. त्याच्याविषयी २३:२५ म्हणतं की तो पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने आणि पूर्ण शक्तीने देवाकडे वळला. देवावर कशी प्रीती करावी हे सांगणाऱ्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या आज्ञेचे (६:५) हे तीनही शब्द आहेत आणि जुन्या करारात एका माणसाबद्दल तिन्ही एकत्र इथेच वापरले आहेत. पुढच्याच ओळीत म्हटलं आहे की तरीही योशीयाचा आजोबा मनश्शे याच्या पापांमुळे देवाचा कोप शमला नाही. चांगल्या माणसाचं मरण चांगलं झालं नाही हे लिहिणाऱ्याने लपवलं नाही.

तो मुळात गेला कशाला? जुन्या भाषांतरांत नखो अश्शूरच्या राजावर चढाई करायला निघाला असं दिसतं, आणि मग योशीयाने त्याला का अडवावं हे कळत नाही. मूळ हिब्रूतल्या छोट्या शब्दाचा अर्थ 'विरुद्ध' असा होतो, 'कडे' असाही होतो. १९२३ मध्ये बाबेलच्या बखरीची एक मातीची पाटी प्रसिद्ध झाली आणि कोडं सुटलं. इ.स.पू. ६१२ मध्ये अश्शूरची राजधानी निनवे पडलं, ६१० मध्ये हारानही गेलं, आणि ६०९ च्या तम्मूज महिन्यात, म्हणजे जून-जुलैत, मिसरचं मोठं सैन्य अश्शूरच्या शेवटच्या राजाबरोबर हारान परत घ्यायला फरात नदी ओलांडून गेलं. नखो अश्शूरच्या मदतीला चालला होता. यहूदाला शंभर वर्षं पिळणारं साम्राज्य अखेरचे श्वास घेत असताना कोणी त्याला आधार द्यायला निघावं, हे योशीयाला खपलं नसावं. किनाऱ्याची वाट मगिद्दोच्या खिंडीतून इज्रेलच्या मैदानात उतरते, अडवायचं तर तिथेच.

वाचताना आणखी एक चूक होते. २ इतिहास ३५ मध्ये वल्हांडण सणाचा थाट आहे, राजाने लोकांना ३०,००० कोकरं-करडं आणि ३,००० बैल दिले, आणि लगेच खाली मृत्यू. ते सलग घडल्यासारखं वाटतं. वल्हांडण त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी झाला, मरण एकतिसाव्या. मधल्या तेरा वर्षांबद्दल दोन्ही पुस्तकं गप्प आहेत. आणि यिर्मयाने योशीयासाठी रचलेला विलाप (२ इतिहास ३५:२५) म्हणजे बायबलातलं विलापगीत नव्हे. तो विलाप आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

वारशाचं म्हणाल तर राज्य म्हणून काहीच टिकलं नाही. तीन महिन्यांत नखोने यहोआहाजाला रिब्ला इथे बेड्या घातल्या आणि देशावर १०० किक्कार चांदी व १ किक्कार सोन्याचा दंड बसवला. एक किक्कार साधारण ३४ किलोचा, म्हणजे चांदीच जवळजवळ साडेतीन टन. यहोयाकीमाने ती लोकांकडून कर लावून वसूल केली. त्याच यहोयाकीमाला यिर्मया विचारतो: तुझा बाप खातपीत नव्हता का? त्याने गरीब आणि लाचार यांचा न्याय केला, तेव्हा त्याचं बरं चाललं. मला ओळखणं म्हणजे हेच ना, असं परमेश्वर म्हणतो (यिर्मया २२:१५-१६). मूर्ती फोडल्या, उच्चस्थानं म्हणजे उंचावरची पूजास्थळं पाडली, याचा तिथे उल्लेखही नाही. योशीयाचं मोठेपण शोधायला बहुतेकजण २ राजे २३ मधली तोडफोड वाचून थांबतात, हा उतारा सुटतो. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

दुसरा वारसा म्हणजे शाफान चिटणिसाचं घर. मंदिरात सापडलेला ग्रंथ योशीयाला याच शाफानाने वाचून दाखवला आणि राजाने आपली वस्त्रं फाडली. पुढे यहोयाकीमासमोर यिर्मयाची गुंडाळी वाचली गेली (यिर्मया ३६). हिवाळा होता, समोर शेगडी पेटली होती. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. मूळ हिब्रूत वस्त्र फाडणं आणि गुंडाळी कापणं यांना एकच क्रियापद आहे. बापाने वस्त्र फाडलं, मुलाने शब्द फाडला. जाळू नका म्हणून त्या वेळी विनवणाऱ्यांत शाफानाचा मुलगा गमऱ्या होता. दुसरा मुलगा अहीकाम, त्याने यिर्मयाला जमावाच्या हाती मरू दिलं नाही.

१९८२ मध्ये यरुशलेमेत दावीदनगराच्या उत्खननात एका घरात मातीचे पन्नासेक ठसे सापडले. कागदपत्रं बांधलेल्या दोरीवर ओली माती लावून ते उमटवलेले होते. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने शहर पेटवलं तेव्हा कागदपत्रं जळून गेली आणि ठसे भट्टीतल्या विटेसारखे भाजून पक्के झाले. त्यातल्या एकावरची अक्षरं आजही वाचता येतात: शाफानाचा मुलगा गमऱ्या.