फ्रेंच चित्रकार बुगरोचं ‘निम्फ्स अँड सॅटर’ हे चित्र खरंच एका बारमध्ये लावलेलं होतं का? आणि चित्रात नेमकं चाललंय काय?

होतं ना! न्यूयॉर्कच्या हॉफमन हाउस हॉटेलच्या बारमध्ये, १८८२ पासून १९०१ पर्यंत. पण आधी चित्राचं सांगतो.

सॅटर म्हणजे ग्रीक कथांमधला अर्धा माणूस, अर्धा बोकड. मद्याचा देव डायोनायसस, त्याच्या टोळक्यातला (तेव्हा बार ही जागा तशी त्याच्या हक्काचीच). निम्फ म्हणजे रानावनातल्या, झऱ्यातळ्यांतल्या देवता. त्यांच्या मागे लागणं हा सॅटरचा कायमचा उद्योग. विल्यम बुगरोने १८७३ मध्ये हा डाव उलटवला. इथे सॅटरच चौघींच्या तावडीत सापडलाय आणि त्या त्याला फरफटत पाण्याकडे नेताहेत. एक दंड धरून ओढतेय, एक मागून रेटतेय, एक हात उंचावून लांबच्या मैत्रिणींना बोलावतेय. पॅरिसच्या सलोनमध्ये (म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकृत कलाप्रदर्शनात) चित्र लागलं तेव्हा सोबत स्टेशियस या रोमन कवीच्या ओळी दिल्या होत्या. आशय असा की या केसाळ प्राण्याला लहानपणापासून पोहता येत नाही, त्यामुळे खोल पाण्यात उतरायची त्याची छाती होत नाही. थोडक्यात, गडी टरकलाय.

त्याचे पाय जरूर बघा. खूर रोवून, सगळा भार मागे टाकून तो अडून बसलाय. बैलपोळ्याला ओढ्यावर न्यायला निघालेला हट्टी बैल जसा अडतो, अगदी तसा. शिवाय त्याची रापलेली कातडी आणि राठ केस यांना लागूनच त्या चौघींची गोरी, नितळ अंगं. ब्रशचा फटकारा कुठे शोधूनही सापडत नाही. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, ब्रशचे फटकारे मुद्दाम उघडे ठेवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं. त्या मंडळींना बुगरोचा हाच गुळगुळीतपणा डोक्यात जायचा. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. चेहरे गोडगोड आहेत खरे, पण ओढाताणीतला जोर खोटा नाही.

आता बार. जॉन वुल्फ या अमेरिकन संग्राहकाकडून लिलावात आलेलं हे चित्र एडवर्ड स्टोक्सने घेतलं. हा हॉटेलचा भागीदार. १८७२ मध्ये जिम फिस्क या बड्या धनिकाला गोळी घालून तुरुंगात जाऊन आलेला. चित्र इतकं गाजलं की सिगारच्या डब्यांवरही छापलं गेलं. १९०१ मध्ये स्टोक्स वारला आणि चित्र गोदामात गेलं. ते बाहेर काढलं १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्कने. याच्या घराण्याचा पैसा सिंगर शिलाई मशीनचा. आता ते मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनला, त्याच्याच नावाच्या संग्रहालयात आहे.