दिवसभर शहाणी असतात, मी आले की अंगात येतं

गणपती गेले की दरवर्षी समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. दहा दिवस घरात माणसांची ये-जा, आरत्या, उशिरापर्यंत जागरणं, मग एकदम सगळं शांत, त्यात सहामाही परीक्षा तोंडावर आलेली, परतीचा पाऊस संध्याकाळी नेमका कधी गाठेल सांगता येत नाही आणि दिवस लहान होत चाललेला. पुण्यात जूनअखेर सव्वासातपर्यंत उजेड असतो, नवरात्राच्या सुमाराला साडेसहालाच दिवे लावावे लागतात. म्हणजे मुलांच्या खेळातला पाऊण तास कुणाच्या लक्षात न येता गेलेला असतो. मग आया विचारतात, "मॅडम, पोरं आजीजवळ नाहीतर पाळणाघरात दिवसभर अगदी शहाणी असतात हो, मी घरात पाऊल टाकलं की ह्यांच्या अंगात येतं. माझंच काही चुकतंय का?"

इतक्या वेळा उत्तर दिलंय की आता लिहूनच टाकते. सांगते ती कल्याणीची गोष्ट. नाव बदललंय, ओळख पटेल असं बाकीचंही बरंच बदललंय, आणि तिला विचारूनच लिहितेय.

कल्याणी चौतीस वर्षांची, नोकरी करणारी, मोठा मुलगा दुसरीत, धाकटी साडेतीन वर्षांची, घरी सासूबाई, नवरा साडेआठच्या आत कधी येत नाही. पहिल्या भेटीत ती अर्धा तास नुसती स्वतःला दोष देत होती, मी रोज ओरडते, रोज रात्री मुलं झोपली की त्यांच्याकडे बघून रडते, सकाळी ठरवते आज नाही ओरडायचं आणि सहा वाजून वीस मिनिटांनी ओरडलेली असते.

मी म्हटलं, "मला बाकी काही नको सांगूस. कालचा मंगळवार सांग, फक्त सव्वासहा ते साडेसहा." (हे मी नेहमी करते. अख्खा दिवस विचारला की माणसं तक्रार सांगतात, पंधराच मिनिटं विचारली की त्यांना स्वतःलाच दिसायला लागतं.)

"बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं. ऑफिसचा फोन चालू होता, खांद्यात धरलेला. धाकटी पायाला चिकटली, तिला म्हटलं थांब गं पिल्लू, हातपाय धुऊ दे. तेवढ्यात मोठ्याने माझी बॅग उचकली, डबा काढला, उघडला, मी ओरडले, अरे तेलकट आहे तो, ठेव खाली! मग त्याने धाकटीला ढकललं, तिने भोकाड पसरलं, मी त्याला धपाटा घातला आणि सासूबाई म्हणाल्या, तू येईपर्यंत कशी छान खेळत होती."

"डबा रोज उघडतो?"

"रोज. रिकामाच असतो, तरी रोज."

"काय शोधतो गं तो त्यात?"

"खोडी, दुसरं काय," असं म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसायचं असतं आणि ते शिकायला मला बरीच वर्षं लागली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपात होते. ते आले की त्यांचा डबा मी उघडायचे. कधीकधी अर्धी चपाती आणि गुळाचा खडा ठेवलेला असायचा. चपाती वाळलेली, कडा कडक झालेल्या. घरात ताज्या असायच्या, पण मला तीच पाहिजे असायची."

आणि मग तिचा चेहरा बदलला. मला पुढचं काही सांगावंच लागलं नाही.

ह्या कामात असे क्षण थोडे येतात आणि आले की आठवडाभर माझ्याबरोबर असतात. त्या मुलाला भूक नव्हती, आजीने पाचलाच थालीपीठ खाऊ घातलेलं होतं. तो आईचा दिवस शोधत होता. जी आई सकाळी आठला गेली आणि सव्वासहापर्यंत दिसलीच नाही ती कुठे होती, काय खाल्लं तिने, तिच्या मनात मी होतो का, हे सगळं सात वर्षांच्या मुलाला विचारता येत नाही, त्याला डबा उघडता येतो. आणि त्यावर त्याला रोज उत्तर मिळत होतं, ठेव खाली.

माझी स्वतःची श्रद्धा आई-मुलाच्या नात्यातल्या जवळिकीवर आहे, ती मी लपवत नाही. मेरी एन्सवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला आया आणि बाळं फार बारकाईने पाहिली. आई खोलीतून गेल्यावर बाळ किती रडतं एवढंच त्यांनी बघितलं नाही, ती परत आल्यावर बाळ काय करतं ह्याकडे त्यांचं जास्त लक्ष होतं. बाळ तिच्याकडे झेपावतं, रडतं, बिलगतं आणि मग हळूहळू शांत होऊन परत खेळायला लागतं, ही नातं घट्ट असल्याची खूण. आपण जाताना टाटा करण्यावर केवढा जीव टाकतो आणि परत येणं मात्र फोन खांद्यात धरून उरकतो.

दिवसभर मूल स्वतःला धरून ठेवतं. शाळेत रांगेत उभं राहायचं, बोट तोंडावर ठेवायचं, बाईंचं ऐकायचं, रिक्षावाल्या काकांच्या गाडीत दाटीवाटीने बसायचं, आजीचे गुडघे दुखतात म्हणून हळू बोलायचं. हे सगळं सोडायला त्याला एक जागा लागते आणि ती जागा म्हणजे तुम्ही. तुम्ही दारात दिसलात की ते सुटतं. म्हणून ज्या आयांना वाटतं की मुलं आपल्यालाच त्रास देतात त्यांना मी सांगते, बाई गं, तो विश्वास आहे, फक्त त्याचा आवाज मोठा आहे.

आता करायचं काय. कल्याणीला मी एकच गोष्ट दिली. फोन लिफ्टमध्ये शिरायच्या आधी बंद. दार उघडलं की चप्पल काढून तिथेच, शू-रॅकपाशी जमिनीवर बसायचं, दहा मिनिटं. हातपाय नंतर, कुकर नंतर, आणि "अभ्यास झाला का" हे तर फारच नंतर. "आज शाळेत काय केलं" हेही नको, कारण त्याचं उत्तर "काही नाही" हेच असतं, त्याऐवजी आपला दिवस सांगावा, आज बसमध्ये एक आजोबा कोंबडी घेऊन बसले होते वगैरे, मग मुलं आपोआप बोलतात. धाकटी मांडीत, मोठा पाठीला टेकून, रडले तर रडू देत. पाऊस नसेल तर वर न येता दोघांना खालीच बोलवून उजेड आहे तोवर दोन चकरा मारल्या तरी चालतात, उलट ह्या दिवसांत तेच उत्तम.

आणि डब्यात काहीतरी ठेवायचं.

सासूबाईंना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या दुखावलेल्या होत्या आणि ते साहजिक आहे, दिवसभर त्यांनी करायचं आणि मुलांनी आईपाशी जीव ओतायचा. मी म्हटलं, "आई, ती तुमच्याजवळ निवांत राहतात म्हणून तर हिला नोकरी करता येते. पण हिच्यापाशी रडतात म्हणून तुमचं काही कमी होत नाही." त्यांनी थोडा वेळ पदराशी चाळा केला आणि डब्याचं ऐकल्यावर एकदम म्हणाल्या, "अगं मग भोंडल्यात नाही का खिरापतीचा डबा वाजवून ओळखतात, तसं करायचं!" हे मला वीस वर्षं प्रॅक्टिस करून सुचलं नव्हतं. तेव्हापासून त्या घरात रोज डबा वाजवून ओळखायचा खेळ सुरू झाला. शेंगदाणे लगेच कळतात, चपातीचा रोल अजिबात वाजत नाही, खडीसाखर धाकटीची ठरलेली.

लगेच सगळं सुरळीत झालं नाही. पहिले आठ-दहा दिवस मुलं जास्तच रडली, हे बहुतेक घरांत होतं, तेव्हा घाबरून सोडू नका. एखाद्या दिवशी ओरडलात तर नंतर जाऊन साध्या शब्दांत सांगा, मघाशी मी फार जोरात ओरडले, मी दमले होते. मुलांना न चुकणारी आई लागत नाही, चुकल्यावर परत जवळ येणारी लागते. स्वयंपाक होईपर्यंत मोबाईल हातात देणं सोपं आहे हे मला कळतं, पण जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 1 तास स्क्रीन आणि 10 ते 13 तास झोप असं सांगितलंय, ते डोक्यात असू द्या. कणीक मळायला द्या, मटार सोलायला द्या. आणि झोपेचं म्हणाल तर चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी 9 च्या आधी भरवू नका असं 2024 मध्ये राज्य शासनानेच सांगितलंय, त्या वाढीव वेळाचं रात्री जागरण करू नका.

एक मात्र नीट ऐका. मूल शाळेतही गप्प गप्प झालं असेल, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, स्वतःला मारून घेत असेल, ठराविक माणसाला घाबरत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला दाखवा. आणि तुमचंच रडणं थांबत नसेल, सकाळी उठवतच नसेल, तर 14416 हा टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

कल्याणी शेवटचं आली ती दसऱ्यानंतर. म्हणाली, परवा विजा चमकत होत्या, सिंहगड रोडला पाणी, बस मिळेना, पावणेआठला भिजून घरी पोचले आणि लाइट गेलेले. डबा रिकामा, कारण मीच भुकेने सगळं खाल्लं होतं. मोठ्या मुलाने तो वाजवून बघितला आणि जे रडायला लागला ते वीस मिनिटं थांबेना, धाकटीही सुरू झाली. सासूबाईंनी मेणबत्ती आणून शू-रॅकवर ठेवली आणि काही न बोलता आत गेल्या.

"मग तू काय केलंस?"

"काही नाही मॅडम. ओल्या साडीतच बसून राहिले दोघांना धरून. कुकर सव्वाआठला लावला, पिठलं-भात खाल्ला."