घराला जन्मतारीख नसते

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आहे. मलप्रभेला मिळणाऱ्या नाल्याकाठी पाच वर्षांपूर्वी भराव घालून घर बांधलं. यंदाच्या पुरात परसातली दहा-बारा फूट माती वाहून गेली, मागचा पाया उघडा पडला, तुळशीवृंदावन नाल्यात गेलं. कंत्राटदार आरसीसी भिंतीचे सात लाख सांगतोय. पर्सनल लोन काढू की सौभाग्यवतींचे दागिने गहाण ठेवू, असा प्रश्न. शेवटी जाता जाता एक ओळ : ‘घराचा विमा आहेच, गृहकर्ज देताना बँकेने 1 लाख 10 हजार प्रीमियमचा काढून दिलाय. क्लेम आला की सगळं फेडून टाकीन.’

सर, कर्जाचं नंतर बघू. तुम्ही पाठवलेल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमाधारकाची जन्मतारीख आहे. घराला जन्मतारीख नसते. हा तुमच्या जिवाचा विमा आहे. तुमचं बरंवाईट झालं तर बँकेचं कर्ज फिटेल. घर नाल्यात गेलं तर एक रुपयाही नाही, हप्ते मात्र चालू. शिवाय प्रीमियम कर्जातच घातलाय. नऊ टक्के, पंधरा वर्षं : महिना अकराशे, एकूण दोन लाख. हे गळ्यात मारणारा घराच्या विम्याबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण त्यात कमिशन कितीसं सुटणार!

खरा घराचा विमा म्हणजे ‘भारत गृह रक्षा’, एप्रिल 2021 पासून मिळतो. पुराने झालेलं बांधकामाचं नुकसान त्यात येतं, संरक्षक भिंतही धरता येते. रक्कम बांधकामखर्चावर ठरते, जागेच्या भावावर नाही. पण नदीच्या धुपीने जमीन खचली किंवा भराव बसला, तर हात वर. म्हणजे तो असता तरी परसातल्या मातीचे पैसे मिळाले नसतेच. पुढच्या पावसाळ्याआधी जरूर घ्या, झालेल्या नुकसानीला तो लागू होणार नाही. कर्नाटक सरकारच्या पाच लाखांची आशाही सोडा. 2019 च्या पुरानंतर ते पूर्ण पडलेल्या किंवा पाडून नव्याने बांधाव्या लागणाऱ्या घरांसाठी होते, तुमचं उभं आहे.

आता कर्ज. सात लाख, चौदा टक्के, पाच वर्षं : हप्ता 16,300, व्याज पावणेतीन लाख. महिन्याला बारा हजार उरतात असं तुम्हीच लिहिलंय. विषय संपला.

आणि सात लाख लागतातच कशावरून? तुमच्या फोटोत छपराची पन्हळ नेमकी त्या उघड्या पायावर ओततेय. आधी पाइप लावून ते पाणी दूर न्या, काही हजारांचं काम आहे. मग कंत्राटदाराचा नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, त्याची फी द्या. कोटेशनमध्ये रंगाच्या दोन हातांचा उल्लेख आहे, भिंतीतून पाणी निघायच्या भोकांचा नाही. भोकं नसली की मागची ओली माती भिंतीला ढकलते. पायाजवळ मुरूम थराथराने ठोकून, काठाला जाळीत दगड भरून आणि वर वाळ्याचं गवत (मुळं माती धरून ठेवतात) लावून भागतं का, हे त्याला विचारा. नाल्यालगत काही बांधण्याआधी पंचायतीतही विचारा.

समजा तीन लाखांत भागलं. एक लाख एफडीतून, दोन लाख सोनं तारण ठेवून. दहा टक्क्यांनी दोन वर्षांत फेडायचे तर महिना सव्वानऊ हजार, बारात बसतात. दागिन्यांबद्दल वहिनींना विचारलंय का, ते मात्र पत्रात कुठे दिसलं नाही.