आधी जे चालत येतात, त्यांना विचारा

प्रश्न : आमचं कॉलेज राजारामपुरीच्या पुढं, सायबर चौकाच्या बाजूला आहे. गाड्या लावायला जागा उरलेली नाही आणि सकाळी कॉलेज भरताना दरवाजातच कोंडी होते. ‘कॅम्पसला पायी या’ असा उपक्रम सुरू करायचं प्राचार्यांनी ठरवलंय. समितीचं काम माझ्याकडं आलंय. मागच्या वर्षी ‘नो व्हेइकल डे’ केला होता. फोटो छान आले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरं तरी थोडीफार ऐकतात, सहकारी अजिबात नाहीत. माणसं खरोखर चालत यायला लागावीत म्हणून काय करू?
– एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, भित्तिपत्रकं, घोषवाक्य स्पर्धा आणि शपथ हे सगळं आधी बाजूला ठेवा. चालणं चांगलं असतं हे तुमच्या कॉलेजात कुणाला माहीत नाही असं नाही. कोल्हापूरच्या माणसाला चालायला शिकवावंही लागत नाही. चैत्रात जोतिबाला पायी जाणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. जुलैच्या पावसात पन्हाळा ते पावनखिंड चिखल तुडवत जाणारी पोरं तुमच्याच वर्गात बसतात. ललितापंचमीला अंबाबाईच्या पालखीमागं टेंबलाई टेकडी चढणाऱ्या बायकांमध्ये तुमच्या ऑफिसातल्या बायकाही असतील. पाय आहेत आणि इच्छाही आहे. नाही तो रोजचा रस्ता.

मी भूगोल शिकवला आणि शाहूपुरीतल्या घरून कॉलेजला बहुतेक चालतच गेले, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते. तुमच्या कॉलेजात आजही पुष्कळ माणसं चालत येतात, फक्त त्यांची मोजदाद कुणी केलेली नाही. झाडलोट करणाऱ्या मावशी येतात, ग्रंथालयातले मामा येतात. कागल, राधानगरी, पन्हाळा तालुक्यातून एसटीनं स्टँडवर उतरणारी मुलं येतात. केएमटीची शहर बस चुकली की, किंवा तिकिटाचे पैसे वाचवायचे असले की, ती स्टँडपासून सरळ चालायला लागतात. गाडी नाही म्हणून चालतात, त्यामुळं त्यांना कुणी ‘उपक्रम’ म्हणत नाही. तुमची समिती यांच्यापासून सुरू करा. प्राध्यापकांची बैठक नंतर घ्या.

त्यांना एवढंच विचारा : कुठून येता, कुठं भीती वाटते, कुठं थांबावं लागतं, पावसात काय करता? मग त्यांच्याबरोबर एकदा तो रस्ता चाला. गाडीवरून रोज जाणाऱ्याला तो दिसत नाही. परीख पुलाखाली पाणी साचलं की चालणाऱ्यानं जायचं कुठून, हे तिथं उभं राहिल्यावरच कळतं. राजारामपुरीत मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांतून गेलं तर सावली मिळते आणि हॉर्नही कमी, हे त्या मुलांना माहीत असतं. पुढं मोठ्या चौकात एका दमात रस्ता ओलांडता येत नाही, मध्ये उभं राहायला जागा हवी, हेही तीच सांगतील. त्यांच्या सांगण्यावरून एक साधा हातानं काढलेला नकाशा करा आणि तो प्रवेशाच्या दिवशीच नव्या मुलांच्या हातात द्या. नकाशावर अंतर किलोमीटरमध्ये नको, मिनिटांत लिहा. बेताच्या चालीनं किलोमीटरला बारा मिनिटं धरा.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. पहिली दरवाजाची. बहुतेक कॉलेजांना मोठ्या फाटकाशेजारी एक छोटं दार असतं आणि त्याला कुलूप असतं. चालत येणारी पोरगी दोन गाड्यांच्या मधून अंग चोरून आत शिरते. ते दार उघडा. तिथून वर्गापर्यंत गाडी येणार नाही अशी वाट आखा. या एका कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, म्हणून आधी हेच करा.

दुसरी गोष्ट पावसाची. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस हटत नाही. रस्त्यावरून ओला झालेला माणूस वर्गात तसाच बसणार असेल तर पुढच्या आठवड्यात तो गाडी काढणारच. रेनकोट निथळायला दांडी, छत्र्यांना जागा, चपला बदलायला एक बाक, आणि मुलींच्या खोलीला आतून नीट लागणारी कडी, एवढी सोय करा. जर्नल, ड्रॉइंगबोर्ड, लॅबकोट ठेवायला कुलपाची कपाटं द्या. सहा-सात किलोची सॅक पाठीवर घेऊन चालायला सांगणं मला पटत नाही. उन्हाळ्यासाठी वाटेवर करंज, कडुनिंब लावा, पण लावून सोडू नका. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे नावानिशी ठरवा.

सहकाऱ्यांचं म्हणाल तर सगळ्यांच्या मागं लागू नका. कुणाला मुलाला शाळेत सोडायचं असतं, कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुणी इचलकरंजीहून येतं. त्यांना खुशाल गाडीवर येऊ द्या. दोन किलोमीटरच्या आत राहणारे कोण आहेत तेवढे शोधा. टाकाळा, राजारामपुरी, शाहूनगर भागातले बरेच निघतील. त्यांना जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगा : प्रौढ माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम हवा. जाताना पंधरा मिनिटं, येताना पंधरा, आठवड्याचे पाच दिवस, की 150 झाली. त्यासाठी पहाटे उठून रंकाळ्याला वेगळी फेरी मारायला नको. आणि सुरुवात प्राचार्यांनी करावी, ठरलेल्या एका वारी, फोटोग्राफर न बोलावता. विभागप्रमुखाला चालत येताना पाहिलं की कनिष्ठ प्राध्यापकाला गाडी नसण्याची लाज वाटत नाही. चालणं परवडत नसणाऱ्यांचं काम आहे, हा समज आपल्याकडं फार खोल गेलाय आणि तो परिपत्रकानं जात नाही.

गाड्यांच्या जागेबद्दलही धीर धरून बोला. दारालगतची सगळ्यात सोयीची जागा आज ज्येष्ठतेनं मिळते. ती अपंग, गरोदर आणि लांबून येणाऱ्या सहकाऱ्यांना द्या. जवळ राहणाऱ्याची गाडी मागच्या मैदानात गेली की तो स्वतःच हिशेब करेल. थोडी कुरकुर होईल, होऊ द्या.

बाहेरचा रस्ता महापालिकेचा, तो तुमच्या समितीच्या हातात नाही. पण मागणी तुमच्याच हातात आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की, वापरण्याजोगा पदपथ हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. भूगोलाच्या नाहीतर सिव्हिलच्या मुलांना टेप देऊन मोजायला पाठवा. कुठं विजेचा डीपी मध्ये आलाय, कुठं फरशी उखडलीय, कुठं दुकानाचा माल पसरलाय, सगळं खांबागणिक लिहून काढा. ते निवेदनाला जोडून शहर अभियंत्यांना द्या, एक प्रत वाहतूक शाखेला द्या. नुसतं ‘पदपथ नाही’ असं पत्र फाईलमध्ये जातं. मोजमापासह आलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागतं, निदान पाठपुरावा करायला तुमच्या हातात काहीतरी राहतं.

आणि नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिच्या निकषांत पादचाऱ्यांसाठी वाटा आणि वाहनांना मर्यादित प्रवेश यांचा उल्लेख आहे, म्हणून प्राचार्य उत्साहात असतील. असू देत. ज्या कामासाठी मंजुरी लवकर मिळत नाही ते काम त्या निमित्तानं पुढं रेटा. फक्त नॅकची समिती येऊन गेल्यावर छोट्या दाराला पुन्हा कुलूप लागणार नाही, याकडं तुम्ही लक्ष ठेवा.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टॉपपासून कॉलेजपर्यंत चालतच येते. प्रॅक्टिकल संपायला उशीर झाला की परतताना अंधार असतो. घरचे म्हणतात गाडी घे, नाहीतर प्रॅक्टिकलची बॅच बदलून घे. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, तुझी भीती खरी आहे आणि ती दूर करणं आधी कॉलेजचं काम आहे. तुझ्यासारख्या ज्या मुली त्या वाटेनं जातात, त्यांच्या सह्यांचा अर्ज विभागप्रमुखांना दे. नोव्हेंबर ते जानेवारी दिवस लहान असतात, तेवढे महिने बस-एसटीनं येणाऱ्या मुलींना लवकरची बॅच मिळावी, एवढंच माग. बंद दिव्यांच्या खांबांचे क्रमांक लिहून घे आणि तेही अर्जात घाल. तोवर एकटी निघू नकोस. तिघी-चौघी ठरलेल्या वेळी दारापाशी जमा आणि बरोबर निघा. पदपथ नसेल तिथं रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. इअरफोन पिशवीत ठेवा. अडचण आली तर 112 ला फोन करायला कचरू नका. आणि घरच्यांना एकदा त्या वाटेनं तुझ्याबरोबर आण. नाही म्हणण्याआधी त्यांनी ती पाहावी.

प्रश्न : कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो, वय चोपन्न. गुडघे दुखतात. सगळे चालत येऊ लागले तर मलाही यावं लागेल का?
– एक लिपिक

उत्तर : दादा, नाही. डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तर केएमटीनं या, एक थांबा आधी उतरा आणि सपाट रस्त्यानं सावकाश या. चढ असेल त्या दिवशी दारापर्यंत बसनं या. आणि वाटेत एक बाक हवा, असा अर्ज तुमच्या नावानं समितीकडं द्या. तुमच्यासारखे बसायला जागा नाही म्हणून न चालणारे आणखी बरेच निघतील.