गेमिंग लॅपटॉप: वॅट, उष्णता आणि अडखळणारे गेम

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दुकानात दोन लॅपटॉप दाखवले. दोन्हींत आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड आणि 16 जीबी रॅम. एक जाडजूड, दुसरा पातळ आणि बारा हजारांनी महाग. महाग घेतला तर गेम जास्त चांगले चालतील का? (लातूर)

बहुधा उलटच होईल. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स कार्डाला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. 4060 साठी ते कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने 35 ते 115 वॅट इतकी मोकळीक ठेवली आहे. पातळ लॅपटॉपमध्ये पंखे लहान, हवा खेळायला जागा कमी, म्हणून तिथे कार्डाला साधारणपणे कमी वॅट मिळतात. खोक्यावर नाव तेच, पण 60 वॅटचं आणि 100 वॅटचं कार्ड यांतला फरक खेळताना स्पष्ट जाणवतो. शंभरच्या पुढे मात्र फारसा फायदा होत नाही. त्यामुळे जाहिरातीत ठळक छापलेल्या 140 वॅटला भुलू नका. त्यातले 25 प्रोसेसरच्या वाट्यातून उसने घेतलेले असतात.

हा आकडा दुकानातल्या माहितीच्या पाटीवर क्वचितच सापडतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलचा पूर्ण तपशील उघडा आणि ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ किंवा ‘टीजीपी’ शोधा. नाहीच मिळाला तर चार्जर हातात घ्या. त्यावर आउटपुट लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 20 व्होल्ट, 11.5 अँपिअर. गुणाकार केला की 230 वॅट. 4060 असलेल्या लॅपटॉपसोबत शंभर वॅटचाच चार्जर दिला असेल, तर कार्ड आणि प्रोसेसर दोघांनाही पोटभर वीज एकाच वेळी मिळणार नाही.

विक्रेता 4070 वर नेऊ पाहील. लॅपटॉपमधल्या 4070 लाही 4060 इतकीच, म्हणजे 8 जीबी ग्राफिक्स मेमरी आहे. मेमरीसाठी तो जास्तीचा पैसा घालू नका. त्यापेक्षा स्क्रीन नीट पाहा: ‘100 टक्के एसआरजीबी’ लिहिलं असेल तर उत्तम, ‘45 टक्के एनटीएससी’ असेल तर रंग फिके दिसणार. मुलगा रोज लॅपटॉप पाठीवर घेऊन कॉलेजला जाणार असेल, तर जाड लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून तीन किलोच्या आसपास ओझं होतं, हे त्याला आधीच उचलून पाहू द्या. इथे पातळ लॅपटॉपचा विचार जरूर करा, फक्त त्याचेही वॅट विचारून.

प्रश्न : लॅपटॉप तीन वर्षांचा आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं गेम झकास चालतो, मग एकदम फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) निम्म्यावर येतात. दुरुस्तीवाले म्हणतात, विंडोज नव्याने टाका. (अकोला)

विंडोजला हात लावू नका. ठरावीक वेळ खेळल्यावर उद्भवणारं दुखणं बहुतेक वेळा उष्णतेचं असतं. खात्री करायला एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाका, ते मागे चालू ठेवून अर्धा तास खेळा, मग आकडे वाचा. प्रोसेसर 95 ते 100 अंशांना टेकला आणि त्याच सुमारास त्याचा वेग चार गिगाहर्ट्‌झवरून दोनच्या आसपास घसरला, तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी मंद होते आहे.

अकोल्याच्या मे महिन्यात तर हे व्हायचंच. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. ती हिवाळ्यापेक्षा पंधरा अंशांनी गरम असेल, तर आतलं तापमानही जवळपास तितकंच चढतं.

आता सफाई. मागचं झाकण उघडल्यावर पंखा स्वच्छ दिसतो आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. खरी घाण पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक जाळीच्या मधल्या फटीत असते. तिथे धूळ आणि कपड्यांचे तंतू दाबून बसून नमद्यासारखा करडा थर तयार होतो आणि हवेची वाटच बंद होते. पंखा सोडवून तो थर चिमट्याने काढावा लागतो. त्याआधी बॅटरीची पिन काढा, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग बिघडतं. थर्मल पेस्टही (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) याच वेळी बदलून घ्या. मात्र काही मॉडेलमध्ये पेस्टच्या जागी लिक्विड मेटल असतं. ते वीजवाहक आहे, सर्किटवर सांडलं तर बोर्ड जाऊ शकतो. तसं असेल किंवा वॉरंटी शिल्लक असेल, तर सर्व्हिस सेंटरच गाठा.

तोवर मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा आणि गेममध्ये फ्रेमची मर्यादा 60 करा. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वरून 99 केलं, तर प्रोसेसरचा बूस्ट (तात्पुरता वाढीव वेग) सहसा बंद होतो आणि तापमान बऱ्यापैकी उतरतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. व्हॅलोरंटमध्ये 120 फ्रेम दिसतात, तरी संध्याकाळी खेळाडू उड्या मारत सरकतात. रॅम वाढवू का? (ठाणे)

नको. तुझा लॅपटॉप चोख काम करतो आहे, अडचण इंटरनेटची आहे. गेमच्या सेटिंगमधून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेला डेटा) स्क्रीनवर आण. सर्व्हर मुंबईचाच निवडला आहे ना, ते बघ. मग राउटरच्या 2.4 ऐवजी 5 गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर ये. इमारतीत संध्याकाळी सगळ्यांचे राउटर 2.4 वर गर्दी करतात. शक्य असेल तर लॅन केबलच जोड. केबल जोडूनही पॅकेट लॉस दिसला, तर त्याचा स्क्रीनशॉट काढून इंटरनेटवाल्यांकडे तक्रार कर.

प्रश्न : नवा कोरा लॅपटॉप, तरी गेम 25 फ्रेमवर. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू 0 पूर्ण राबतो आणि जीपीयू 1 रिकामा दिसतो. (नाशिक)

निदान तुम्हीच केलंत. जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप. तुमच्याकडे जीपीयू 0 म्हणजे प्रोसेसरमधला साधा ग्राफिक्स असणार. टास्क मॅनेजरमध्ये त्या आकड्याखाली नाव असतं, ते वाचून घ्या. तसंच असेल तर गेम त्याच्यावरच चालतो आहे. विंडोज सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन तो गेम निवडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ करा. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही. टास्क मॅनेजरमध्येच मेमरीखाली ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. दोनपैकी एकच भरलेला असेल, तर तितक्याच जीबीची दुसरी पट्टी बसवा. प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये त्याचा चांगला फरक पडतो.

प्रश्न : 4 जीबीचं 3050 कार्ड आहे. नवे गेम सरासरी 50 फ्रेम देतात, पण मधेच गचके बसतात. कार्ड ओव्हरक्लॉक करू? (पुणे)

ओव्हरक्लॉक म्हणजे कार्ड ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, त्याने गचके जाणार नाहीत. कार्डाची 4 जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा रॅममध्ये जातो आणि तिथून आणताना गेम थबकतो. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) ‘मीडियम’ करा, कमी पडलं तर ‘लो’. बाकीचं सगळं आहे तसं ठेवून आधी एवढंच बदला. त्यानंतरही फ्रेम कमी वाटल्या तर सावल्या उतरवा आणि डीएलएसएस (लहान चित्र तयार करून ते एआयने मोठं करणारी सोय) ‘क्वालिटी’वर चालू करा, तुमच्या कार्डावर ते चालतं.