लँथॅनम सल्फाइड पांढुरकं येतंय? आधी ऑक्साइडची बाटली तपासा

लँथॅनम ऑक्साइड हायड्रोजन सल्फाइड वायूत तापवून केलेलं तुमचं सल्फाइड पिवळं व्हायच्या ऐवजी पांढुरकं आलं, वजनही कमी भरलं आणि गाइड म्हणतात वायू कमी पडला, असं तुम्ही लिहिलंत. ते वाचलं आणि नाशिकमधलं माझं एम.एस्सी.चं प्रोजेक्ट डोळ्यांसमोर आलं. मीही महिनाभर नुसता हायड्रोजन सल्फाइड वाढवत बसलो होतो.

जोडणी, तापमान हे तुम्हाला ठाऊक असेलच. चूक माझी तोलण्यात होती. लँथॅनम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. मी बाटली उघडली ती ऑगस्टमध्ये, गोदावरीच्या पुराची खूण असलेला दुतोंड्या मारुती छातीपर्यंत पाण्यात होता तेव्हा. पावडर बोटांना कोरडी, भुरभुरीत लागली म्हणून तशीच तोलली. सगळ्याचं हायड्रॉक्साइड झालं असेल तर १ ग्रॅममध्ये ऑक्साइड जेमतेम ०.८६ ग्रॅम असतं. वर तेच पाणी भट्टीत सुटतं आणि सल्फाइडऐवजी फिकट ऑक्सिसल्फाइड (ऑक्सिजन आणि सल्फर दोन्ही असलेलं संयुग) पदरात पडतं. आदल्या रात्री ९०० ते १००० अंशांना भाजा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि लगेच तोला. मग १ ग्रॅमचं १.१५ ग्रॅम झालं तर सल्फाइड, १.०५ च्या आसपास अडकलं तर ऑक्सिसल्फाइडच समजा.

वायू वाळवायला सल्फ्युरिक ॲसिड नको, ते हायड्रोजन सल्फाइडचंच ऑक्सिडेशन करतं. फॉस्फरस पेंटॉक्साइड वापरा. पावडर ठेवायची होडीसारखी वाटी (बोट) ग्रॅफाइटची घ्या.

पण खरे महिने गेले ते एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थ ओळखायच्या चाचणीत. नाव घेत नाही, पण त्या केंद्रात माझं सॅम्पल कागदी पाकिटात दीड महिना पडून होतं. रिपोर्ट आला, 'सल्फाइड नाही'. पाकीट परत आलं, उघडलं तर सडक्या अंड्याचा वास! ओलसर हवेत ही बारीक पावडर हळूहळू हायड्रोजन सल्फाइड सोडते, तेच झालं होतं. मोजणी कोणत्या तारखेला केली, हे रिपोर्टवर नव्हतं. विचारलं तर नवी फी आणि प्राचार्यांचं नवं पत्र मागितलं. आजही संताप होतो. तुम्ही काचेच्या नळीत सीलबंद करून द्या आणि मोजणीची तारीख लेखी मागा.

तुमची भट्टी मी पाहिलेली नाही, त्यामुळे दोष दुसराही असू शकेल. एक मात्र कळकळीने सांगतो: वास येईनासा झाला म्हणजे वायू थांबला असं धरू नका. जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. फ्यूम हूडशिवाय (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटाशिवाय) आणि एकट्याने हे काम करूच नका.