जोडलेल्या मणक्यांच्या वर आलेला नवा बाक

प्रश्न : माझ्या मुलीला अकॉन्ड्रोप्लेशिया (हाडांची वाढ कमी होऊन उंची खुंटण्याचा जन्मजात आजार) आहे. पाठीचा बाक वाढला म्हणून ९व्या वर्षी रॉड-स्क्रू घालून तिचे मणके जोडले. आता ती ११ वर्षांची आहे. वरच्या स्क्रूंच्या थोडं वर नवा उंचवटा दिसतो. रॉड तुटला असेल का? की तिची बसण्याची सवयच चुकीची आहे?

उत्तर : रॉड तुटलाय का, स्क्रू सैल झालाय का, हे बघायलाच हवं. पण उंचवट्याच्या जागेवरून पहिला संशय प्रॉक्सिमल जंक्शनल कायफोसिसचा, म्हणजे जोडलेल्या भागाच्या लगेच वर येणाऱ्या बाकाचा, येतो. जोडलेला भाग वाकत नाही, त्यामुळे पुढे वाकण्याचा सगळा भार त्याला लागून असलेल्या मोकळ्या मणक्यावर येतो. जोड बाकाच्या मध्यावरच संपली असेल, मागचे अस्थिबंध शस्त्रक्रियेत दुखावले असतील किंवा बाक एकदम फार सरळ केला असेल, तर धोका वाढतो. सवयीने हे होत नाही. ‘ताठ बस’ म्हणून तिला रागावू नका.

पूर्ण कण्याचा, बाजूने, उभ्याने एक्स-रे काढा. गुडघे सरळ हवेत आणि बोटं गळ्याच्या हाडांवर टेकलेली. गुडघे वाकवून मुलं तोल सांभाळतात आणि बाक फोटोत कमी दिसतो. सर्वांत वरचा स्क्रू असलेल्या मणक्याची खालची कड आणि त्याच्या वरच्या दुसऱ्या मणक्याची वरची कड यांतला कोन मोजतात. तो १० अंश किंवा त्याहून जास्त असेल आणि शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा किमान १० अंशांनी वाढला असेल, तर जंक्शनल कायफोसिस मानतात. म्हणून शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा पहिला, असे दोन्ही जुने एक्स-रे सोबत न्याच.

मात्र नुसत्या कोनावर निर्णय होत नाही. दुखत नसेल आणि कोन स्थिर असेल, तर काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून लक्ष ठेवता येतं. पण अकॉन्ड्रोप्लेशियात मज्जारज्जूची नळी जन्मतःच अरुंद असते, म्हणून लहानसा बाकही नस दाबू शकतो. पूर्वीइतकं चालवत नाही, मध्येच खाली बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, पाय अडखळतात, असं असेल तर एमआरआय लवकर करा. धातूमुळे चित्र धूसर येतं, त्यामुळे रॉड आहेत हे आधी सांगा. तरीही नीट दिसलं नाही, तर सीटी मायलोग्राम (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात रंगद्रव्य टोचून काढलेला सीटी स्कॅन) हा पर्याय आहे. पायांतली ताकद अचानक कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात जा.

पट्टा लावून हा बाक जात नाही. तो वाढत असेल किंवा नस दाबली जात असेल, तर जोड आणखी वर न्यावी लागते आणि गरजेप्रमाणे नळी मोकळी करतात. नळीच्या आत शिरणारे हुक आणि तारा या मुलांत टाळतात, कारण तिथे आधीच जागा नसते. सर्जनला विचारा : जोड वर कुठपर्यंत नेणार, तिथेच का थांबणार, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मज्जारज्जूचं मॉनिटरिंग असेल का?